कोळी इथला की बाहेरचा

वनखात्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात पंकज बसलेला दिसला आणि नाझनीनच्या जिवात जीव आला.

वाटभर तिला एकच घोर लागला होता, की आपल्या एकटीच्या सांगण्यावर हे लोक विश्वास ठेवतील का. ती मिरजगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कोळी ओळखायचा नाद होता, पण नादाचं काही सर्टिफिकेट मिळत नाही. सकाळी शाळेतच फोन आला : एक भला मोठा कोळी पार्सलात सापडलाय, इथला आहे की बाहेरचा एवढं सांगायला याल का? ती अर्धी रजा टाकून निघाली. आणि इथं बघते तर पंक्या! नगरला बीएस्सीची तीन वर्षं जो तिच्याबरोबर दगड उलटे करत हिंडला, तो पंक्या.

"तुलाही बोलावलं का रे? बरं झालं बाई. दोघं मिळून सांगू. देवळालीहून कधी निघालास? फोन तरी करायचास."

पंकज उठला नाही. मोबाईल त्यानं मांडीवर पालथा घातला.

"बस ना, नाझ. आत जायच्या आधी जरा बोलू."

ती बसणार तोच आतून वनरक्षक गोरक्ष बाहेर आला. हातात चहाची किटली.

"ताई आल्या व्हय! या, या, मॅडम वाटच बघत्यात. आन् ह्यांच्यापाशी बोलत नका बसू आत्ता. डब्याचे मालक हायत ते."

"कसल्या डब्याचे?"

"आता कसल्या! कोळ्याच्या."

नाझनीननं पंकजकडं पाहिलं. त्यानं व्हरांड्यासमोरच्या सुबाभळीकडं पाहिलं. सुबाभळीत बघण्यासारखं काहीएक नव्हतं.

डबा

फरसाणाचा होता. पारदर्शक, लाल झाकणाचा, झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. आत ओला कापूस आणि एका कडेला अंग चोरून बसलेलं काहीतरी काळपट.

वनक्षेत्रपाल राजेश्वरी दहातोंडे यांनी तो पट्टीनं ढकलून नाझनीनसमोर आणला. हातानं नाही.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "बिबट्याच्या पिंजऱ्याशेजारी मी डबा खाल्लाय. पण ह्याच्याजवळ माझा हात जात नाही."

मग त्यांनी झालेलं सांगितलं. खासगी बसच्या पार्सलात एक खोकं होतं. हमालानं उचललं तर ते फुसफुसलं. साप आहे म्हणून ओरडा झाला, सर्पमित्र आला, त्यानं मोठ्या ऐटीत खोकं उघडलं आणि स्वतःच टेबलावर चढला. खोक्यावर नंबर होता. त्या नंबरचा माणूस तासाभरात हजर झाला आणि म्हणाला, पाळीव आहे, परदेशी जात आहे, पिल्लू असल्यापासून वाढवलीय, कुणाला द्यायचं ते माझं मी बघेन.

"मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "परदेशी असेल तर डबा त्यांच्या हवाली करून मी मोकळी. इथली रानातली उचललेली असेल तर गुन्हा दाखल करणार, आणि ती जिथली तिथं सोडणार. वरून तज्ज्ञ यायला आठवडा लागेल, तोवर ही जगायची नाही. म्हणून तुम्ही. घाई नको. नीट बघा आणि सांगा."

"बघते," नाझनीन म्हणाली, आणि वाकून बघितलं तर आधी

तोंड

दिसलं. खाली वळलेले दोन दात, एकमेकांशेजारी, समांतर.

हा पहिला प्रश्न तिला पंकजनंच विचारला होता. दोन महिन्यांपूर्वी, फोनवर. "दात कसे आहेत गं? चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, की कुदळीसारखे वरून खाली येतात?"

घरातले कोळी, जाळ्यातले कोळी, सगळे चिमटेवाले. कुदळवाले वेगळे. ते जुन्या घराण्याचे, जमिनीत राहणारे, सावकाश जगणारे. मादी पंधरा-वीस वर्षंसुद्धा काढते, आणि बहुतेक एकाच बिळात.

"कुदळ," नाझनीन म्हणाली होती, आणि पलीकडून पंकजनं शीळ घातली होती.

बीळ तिला दादीमुळं सापडलं. मिरजगावापासून आत, माळावर त्यांची वाडी. वाडीच्या टोकाला कब्रस्तान. दादी, म्हणजे बिबीजान, दर गुरुवारी दादाच्या कबरीवर फातिहा पढायला जायची आणि एका हातानं तसबीहचे मणी ओढत दुसऱ्या हातानं खुरप्यानं गवत काढायची. दुआ आणि निंदणी एकदमच. नाझनीन तिला सोबत म्हणून जायची. दादीचं पढून होईपर्यंत ही बांधाशी उकिडवी बसून भोकं बघायची. त्यातल्या एका भोकाच्या तोंडाला रेशमाची कॉलर होती, नीट इस्त्री केल्यासारखी. हिनं गवताची काडी आत हलवली. आतून एक पाय आला, काडी बाजूला सारली आणि परत गेला. दार लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा.

"अगे, क्या है वो?" दादीनं विचारलं.

"मकडी, दादी. बडी है."

"रहने दे उसको. पैगंबरसाहब गुफा में छुपे थे, तब मकडी ने मुँह पे जाला बुना था. उसका एहसान है."

पुढच्या गुरुवारी नाझनीननं फोटो काढला. तिच्याजवळची पुस्तकं उलटीपालटी केली. कशात बसेना. तेव्हा तिनं, दोन वर्षं ज्याच्याशी दिवाळी-ईदच्या शुभेच्छांपलीकडं बोलणं उरलं नव्हतं, त्या पंकजला फोटो पाठवला. तो मिनिटभरात फोनवर होता.

डोळे

आठ. डोक्यावर एक बारीकसा उंचवटा आणि त्यावर सगळे दाटीवाटीनं, एसटीच्या टपावर बसलेल्या माणसांसारखे.

डोळ्यांवरून फारसं काही ठरत नाही. ह्या घराण्यात सगळ्यांचे असेच. आणि ह्या डोळ्यांना दिसतंही बेताचंच. अंधार-उजेड कळतो, बाकी सगळं पायांना कळतं.

"डोळ्यांवरून काही?" मॅडमनी विचारलं.

"डोळ्यांवरून काहीच नाही," नाझनीन म्हणाली.

पंकज दारातून तिच्याकडं बघत होता. तेही तिला कळलं होतं.

पाठ, पोट, आणि दोन महिन्यांतली संध्याकाळ

पाठ तपकिरी. पोटावर केस, मखमलीसारखे, कुठंही टक्कल नाही. अमेरिकेकडून येणारे पाळीव कोळी चिडले की मागच्या पायानं पोटावरचे केस झाडून समोरच्याच्या डोळ्यांत उडवतात. त्यांच्या पोटाला त्यामुळं टक्कल पडतं. आपल्याकडचे केस उडवत नाहीत. सरळ अंगावर येतात. आणि त्यांतले काही तोंडाजवळचे काटे एकमेकांवर घासून आवाज काढतात. हमालानं ऐकला तो.

हे सगळं दोघांनी मिळून लावलं होतं. एक एक अवयव, एक एक संध्याकाळ. पंकज विचारायचा, ती गुरुवारी बघून यायची, मग आठवडाभर त्यावर खल. पायाखाली ब्रशसारखे केस आहेत का. रेशीम सोडणारी मागची कांडी किती लांब. तिरपं ऊन पडलं तर मांड्यांवर निळसर झाक येते का.

"येते," ती म्हणाली होती. "पंक्या, मोराच्या मानेची असते ना, तशी. पण अगदी जराशी. ढग आला की गेली."

पलीकडं तो थोडा वेळ बोललाच नव्हता. तिला वाटलं, हरखलाय.

"नाझ, ही नवीन असू शकते. म्हणजे कुणीच न नोंदवलेली. कळतंय का तुला?"

"चल. थापा नको मारू."

"तुझ्या दादीचं नाव देऊ. शास्त्रीय नावात बिबीजान. जगभर लोक म्हणतील."

दादीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेरे नाम का रेशन कार्ड नै बना अब तक ढंग से, मकडी को क्या देते मेरा नाम!" पण संध्याकाळी शेजारणीला तेच तिनं तिखटमीठ लावून सांगितलं.

नुसताच आवाजाचा फोन असायचा, तरी नाझनीन त्याआधी केस विंचरायची. ह्याबद्दल तिनं स्वतःला कधी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं ते होतं, हे आता, ह्या टेबलाशी वाकून, फरसाणाच्या डब्यात बघताना तिच्या लक्षात आलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं डबा उगाच अर्धा फिरवला.

"काही सापडलं?" मॅडम म्हणाल्या.

"पोट आपल्याकडच्यासारखं आहे. पण आपल्याकडचं म्हणजे भारतापासून थेट आफ्रिकेपर्यंत कुठलंही. थांबा जरा."

जे कोळ्याच्या अंगावर नसतं

कोळी बघणाऱ्यांत एक रीत आहे. फोटो सगळ्यांना दाखवायचा, जागा कुणालाही सांगायची नाही. तालुका सांगितला की तोंड मिटायचं. ज्या दगडाखाली विंचू आहे तो दगड, ज्या ढोलीत कोळी आहे ती ढोली, ही ज्याची त्याच्यापाशी. रीत मोडणाऱ्याला पुढं कुणी बरोबर नेत नाही. नाझनीनला ही रीत पंकजनंच शिकवली होती. आणि तिनं ती पाळली. त्यानंही कधी जागा विचारली नाही. त्यानं फक्त ओळख पटवायला लागतं तेवढंच विचारलं. मेसेज असे :

*माती कसली?*

लाल मुरूम. वर बोटभर काळी.

*सपाटीला की उभ्या अंगाला?*

बांधात, उभ्या.

*तोंड कुणीकडं?*

उत्तरेला. ऊन संध्याकाळी जरासं.

*वर झाड आहे का? मुळांचा फरक पडतो.*

चिंच. खूप जुनी.

*पाणी?*

हापसा आहे शेजारी. बंद पडलेला.

*माणसांची वर्दळ? कंपनाचा त्रास होतो त्यांना म्हणून विचारतोय.*

गुरुवारी थोडी. बाकी कोणी फिरकत नाही.

ह्यात जागेचं नाव कुठं नव्हतं. पण पंकज बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी ईदला घरी आला होता. शिरखुर्मा तीन वाट्या खाऊन, पोट जड झालं म्हणून दादीबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत गेला होता. चिंचेखाली बसून त्यानं चिंचा खाल्ल्या होत्या. हापसा हापसून बघितला होता आणि म्हणाला होता, "दादी, ह्यातनं हवा येते नुसती."

प्रत्येक उत्तर खरं होतं. अभ्यासासाठी होतं. एकापुढं एक ठेवली की ती वाट झाली.

उकरलेलं

मागच्या गुरुवारी बांधात कॉलर नव्हती. कॉलरच्या जागी हात आत जाईल एवढा खड्डा होता. लाल मुरूम खाली सांडलेला, त्यात रेशमाच्या नळीचा तुकडा, मोज्यासारखा उलटा झालेला.

"कोल्हे ने कुरेदा," दादी म्हणाली.

कोल्हा असा सरळ कडेनं उकरत नाही. कुणीतरी पातं लावलं होतं. नाझनीननं मुरूम बोटांनी चाळला. काही सापडलं नाही. मेली असती तर काहीतरी सापडलं असतं. मग ती तिथंच बसली आणि तिनं मेसेज केला : *पंक्या, कुणीतरी नेली रे तिला.*

लगेच उत्तर आलं. आधी तीन रडके चेहरे. मग, *कोण हरामखोर असेल?* मग, *तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तुझी चूक नाही.*

त्या शेवटच्या वाक्यानं तिला किती बरं वाटलं होतं. रात्री जेवण गेलं होतं त्या वाक्यावर.

पाय

आठ असायला हवेत. आठच होते. तिनं डबा डोळ्यांसमोर धरला आणि खालून बघत मोजले, एकेक. उजवीकडचे चार सारखे. डावीकडचा पहिला, दुसरा, आणि

तिसरा आखूड.

बाकीच्यांपेक्षा बोटाच्या एका पेराएवढा आखूड, रंगानं फिकट, जरा बारीक. कधीतरी तुटलेला असणार. कात टाकताना अशांचा पाय परत फुटतो, पण पहिल्या खेपेला पुरा येत नाही.

काडी बाजूला सारणारा पाय हाच. हे तिनं पंकजला सांगितलं नव्हतं. जात ओळखायला त्याचा उपयोग नव्हता म्हणून. एकाच जिवाच्या अंगावरची ती खूण, जातीची नव्हे.

तिला आता कशाचीच शंका उरली नाही, आणि ती अजून बोलली नव्हती. तिच्या तोंडून 'बाहेरची' निघालं असतं तर डबा व्हरांड्यात गेला असता. 'इथली' निघालं असतं तर पंकज कोठडीत.

"मॅडम, पाच मिनिटं त्याच्याशी बोलू का?"

राजेश्वरी मॅडमनी भुवई उचलली. "ओळखीचे आहेत?"

"एका बाकावर बसायचो."

"पाच मिनिटं. गोरक्ष, तू दारात थांब. आणि कान घरी ठेवून ये."

व्हरांडा

"बांधातली आहे ती," नाझनीन म्हणाली.

"हळू बोल."

"मी तुला सांगितलं कुणीतरी नेली. तू रडके चेहरे पाठवलेस."

"मग काय पाठवायला पाहिजे होते? हसरे?"

ती बघतच राहिली. तो ओशाळला नव्हता. थकलेला दिसत होता, आणि जरासा चिडलेला, उधार मागायला आलेल्या नातेवाइकावर चिडतात तसा.

"ऐक, नाझ. रस्ता रुंद होणारे. तुमच्या कब्रस्तानाच्या बांधाला चुन्याच्या खुणा मीच बघितल्या. जेसीबीवाला काय भिंग घेऊन बसतो का? वाचवलीच म्हण मी तिला."

"खुणा पलीकडच्या अंगाला आहेत."

"आज पलीकडं, उद्या अलीकडं."

"कुणाला पाठवत होतास?"

"आहे एक जण. शौकीन माणूस. काचेची पेटी, आत हिटर, वेळेवर झुरळं. तुझ्या दादीपेक्षा थाटात राहिली असती."

"दादीचं नाव काढू नकोस. नाव देणार होतो ना आपण तिला?"

पंकज हसला. वाईट हसला असं नाही म्हणता येणार. वर्गात कुणी भाबडा प्रश्न विचारला की तो असाच हसायचा.

"नाव द्यायला काय लागतं माहितेय का तुला? ती लागते. मेलेली. स्पिरिटच्या बाटलीत, चिठ्ठी लावून. त्याशिवाय जगात कुणी नाव मान्य करत नाही. तू तिला बाटलीत घातली असतीस? मग मी पेटीत घातली तर एवढं काय?"

तिनं ते कधी मनात येऊच दिलं नव्हतं. दोन महिने ती नुसती नाव-नाव करत होती.

"तू नुसतं म्हण, बाहेरची वाटते," तो म्हणाला. "वाटते. एवढंच. खोटं पण नाही ते. अख्ख्या जिल्ह्यात तुझं खोटं पकडणारं माणूस आहे का दुसरं? मी सोडून?"

"आणि नाही म्हटलं तर?"

पंकजनं मांडीवरचा मोबाईल सुलटा केला.

"तर जागा मला कुणी सांगितली ते निघणार. मुरूम, चिंच, हापसा. सगळं आहे ह्यात, तुझ्या नंबरवरनं. शाळेत विज्ञान शिकवतेस तू. बघ बाई."

'बाई' तो तिला ह्याआधी कधी म्हणाला नव्हता.

दारातून गोरक्षनं घसा खाकरला. "झाली पाच मिन्टं. आन् मी कायबी ऐकलं न्हाई. पर ह्यो मानूस बरा न्हाई, ताई."

सांगणं

तिनं उभ्यानंच सांगितलं. दात कुदळीसारखे, म्हणून घराणं हे. पोटाला टक्कल नाही, केस उडवत नाही, म्हणून अमेरिकेकडची नव्हे. तोंडाजवळ घासायचे काटे, म्हणून फुसफुसते. मांड्यांवर उन्हात निळी झाक. मॅडमना खिडकीशी नेऊन दाखवली, आणि मॅडम "अगंबाई" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच डब्याच्या जवळ आल्या. डावीकडचा तिसरा पाय आखूड. त्या पायाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, बिळातून बाहेर आलेला. हा बघा. तारीख बघा.

"म्हणजे इथली."

"इथलीच नाही. ही तीच."

आणि तिला थांबवायच्या आत तिनं आपला मोबाईल टेबलावर ठेवला. "जागा त्याला मी सांगितली. हे मेसेज. त्यानं दाखवायच्या आधी मीच दाखवते."

मॅडमनी चष्मा लावून मेसेज वाचले. परत वाचले.

"ह्यात जागा कुठं आहे? नुसती माती न् झाडं तर आहेत."

"तुम्ही आमच्या घरी जेवायला आला असता तर तुम्हाला दिसली असती, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी पंकजला आत बोलावलं आणि खुर्ची दाखवली. तो नाझनीनच्या शेजारून गेला. सवयीनं तिनं त्याला वाट द्यायला ओढणी आवरली, आणि मग स्वतःचाच राग आला तिला.

"एकच करा," तिनं मॅडमना सांगितलं. "जागा कुठं लिहू नका. उकरणारे हे एकटेच नाहीत. जागेचं नाव कळलं तर उद्या दहा जण येतील. तिथं आमची माणसं पुरलेली आहेत."

"तालुका लिहीन," मॅडम म्हणाल्या. "पुढं एक अक्षर नाही. शब्द देते."

बांध

ऊन कललं तेव्हा गोरक्ष आणि ती मोटारसायकलवर वाडीवर पोचले. डबा तिच्या मांडीवर, ओढणीत गुंडाळलेला. दादी गुरुवार नसतानाही खुरपं घेऊन आधीच बांधाशी बसली होती. गावात बातमी मोटारसायकलच्या पुढं धावते.

जुनं बीळ कामाचं नव्हतं. अशी मादी एकदा बाहेर काढली की उघड्यावर नवं खोदेपर्यंत टिकत नाही. तिला निदान सुरुवात करून द्यावी लागते. नाझनीननं बांधातच हातभर पलीकडं, मुळाच्या आडोशाला जागा बघितली. गोरक्षची काठी तिरपी खुपसली, फिरवली, मुरूम दाबून गुळगुळीत केला. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला.

"लई निगुतीनं चाललंय," गोरक्ष दादीला म्हणाला. "सून आल्यावर बी एवढं करत न्हाईत लोक."

"सून काटती," दादी म्हणाली.

डबा आडवा करून झाकण काढलं. कोळी हलेना. मग आखूड पाय बाहेर आला, मुरमावर टेकला, उचलला, परत टेकला. मग बाकीचे. ती सावकाश पुढं सरकली. भोकाच्या तोंडाशी थांबली. आणि मग एका झटक्यात, पाण्यात खडा जावा तशी, आत गेली.

"सुबहान अल्लाह," दादी म्हणाली.

नाझनीन टाचांवर बसली. सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू येईलसं वाटलं, आणि ते काही फक्त वाईट वाटल्याचं नव्हतं.

मागून मोबाईलचा आवाज झाला. खचक.

"काय केलंत?"

"फोटो, ताई." गोरक्ष खुशीत होता. "सोडल्याचा फोटो कंपल्सरी हाय. फोटो न्हाई तर काम झालंच न्हाई असं धरत्यात. बगा, कसा झ्याक आलाय. तुमी बी हाय, आजी बी हाय."

फोटोच्या खालच्या अंगाला काळी पट्टी होती. पट्टीत इवलासा नकाशा, वाडीचं नाव, वार, वेळ, आणि लांबलचक आकडे.

"हे काय आहे?"

"जीपीएसवाला कॅमेरा हाय न्हवं. अक्षांश-रेखांश आपोआप उमटत्यात. अगदी ह्या चिंचंपतुर आणून सोडतंय."

"मॅडमनी सांगितलं होतं, जागा लिहायची नाही."

"मी कुठं लिवलीय? लिवायला न्हाईच लागत. आपोआप येतं."

"कुठं टाकला नाहीत ना?"

"टाकला की. आमच्या ग्रुपवर." त्याचा चेहरा आता जरा पडला. "ऑफिसचेच लोक हायत. आन् पत्रकार दोन-चार. आन् प्राणिमित्र... थांबा, काढतो. काढतो, ताई."

त्यानं अंगठ्यानं फोटो दाबून धरला. तेवढ्यात मोबाईल थरथरला. मग परत. अंगठे आले, नमस्कार आले, टाळ्या आल्या. कुणीतरी लिहिलं होतं, *दुर्मीळ कोळ्यास जीवदान, अभिनंदन टीम*. कुणीतरी विचारलं होतं, *जातीचं नाव काय?* आणि मोठ्या साहेबांनी तो फोटो आधीच दुसऱ्या ग्रुपवर पुढं पाठवला होता. खाली तसं लिहिलंच होतं.

"माझ्याकडनं काढला बगा," गोरक्ष म्हणाला. "आता साहेबांकडचा मी कसा काढू?"

तो खरोखरच भला माणूस होता. तिनं बांधाकडं पाहिलं. नव्या भोकाच्या तोंडाशी मुरमाचा एक बारीक खडा आतून बाहेर ढकलला गेला. मग दुसरा. ती घर लावायला लागली होती.

"दादी," नाझनीन म्हणाली, "खुरपं दे."

"काहे को?"

"दे तू."

तिनं पातं भोकाच्या वरच्या अंगाला, बोटभर सोडून, सरळ कडेनं लावलं आणि दाबलं. मुरूम खाली सांडायला लागला. गोरक्ष "अवो ताई, ताई" करत पुढं आला आणि तिच्या तोंडाकडं बघून मागं सरला. डबा तिनं डाव्या हातानं उघडा धरला. आखूड पाय आधी डब्याच्या काठावर टेकला, आणि मग ती सगळीच आत आली.

"अब किधर ले जाती गे इसे?" दादीनं विचारलं.

नाझनीननं गोरक्षकडं पाहिलं, मग दादीकडं. ज्या दादीनं तिला लहानाची मोठी केली, जिच्यापासून तिनं आजवर काही लपवलं नव्हतं, तिच्याकडं.

"बघते कुठंतरी," ती म्हणाली, आणि झाकण लावलं.